पाच काड्यांचा उकिरडा

उकिरड्यावर रेंज येते हे कळलं त्या संध्याकाळी, आपल्या पदरात काय काय पडणार आहे याचा हिशेब गाडीवानाने जेवता जेवताच उरकून टाकला.

पहिला गिरणीवाला. दळण घेऊन गेलं की हा माणूस गाडीवानाचा डबा हमखास शेवटून दुसरा लावायचा. शेवटचा लावला असता तर ते सगळ्यांच्या डोळ्यांवर आलं असतं, म्हणून शेवटून दुसरा. त्याचा थोरला मुलगा परमुलखात ट्रक चालवत होता. त्याच्याशी बोलायचं तर आता गिरणीवाल्याला गाडीवानाच्या मागच्या दाराशी उभं राहून "आहात का घरात?" म्हणून विचारावं लागणार होतं. दुसरे शाळेचे मास्तर. नमस्कार केला की ते मान हलवायचे, पण ती नमस्काराला हलली की माशीला, हे गेल्या नऊ वर्षांत गाडीवानाला नक्की सांगता आलं नव्हतं. तिसरं म्हणजे सगळं गाव. गाव गाडीवानाला ओळखायचं ते सामान आणायचं असलं की. सामान उतरलं की ओळख संपली.

आणि चौथी बायको. तिच्याबद्दल मात्र त्याने घास थांबवून विचार केला, आणि पुढचा घास घेतला.

शोध तिचाच होता. सकाळी ती शेणाची टोपली घेऊन उकिरड्यावर चढली, टोपली उपडी केली, आणि कमरेला खोचलेला फोन एकाएकी किणकिणायला लागला. एकदा नाही, चौदा वेळा. तिला वाटलं, आता हा फुटतोय. चौदा निरोप आले होते. त्यातले बारा 'अभिनंदन, आपल्याला बक्षीस लागलं आहे' असं सांगणारे. तेरावा तिच्या भावाचा, 'सुखरूप पोचलो' म्हणून. भाऊ पोचून तीन आठवडे झाले होते, आणि मधल्या काळात तो एकदा येऊन, जेवून, परतही गेला होता. चौदावा बियाण्याच्या दुकानाचा, 'बटाट्याचं बेणं तयार आहे, घेऊन जा.' ते बेणं बारा दिवसांपूर्वी घरात आलं होतं आणि बाजेखाली पसरलेलं होतं.

तिने ही हकीकत भांडी घासता घासता नवऱ्याला सांगितली. आयुष्यात तिने केलेल्या मोठ्या चुकांत ही दुसरी, असं ती पुढे म्हणायची. पहिली कोणती ते कुणी विचारत नसे. गाडीवान शेजारीच बसलेला असायचा.

तोवर गावाला रेंज लागायची ती थेट दीड कोसावरच्या पुलावर, तीही कठड्यावर पोट टेकून अर्धं अंग नदीवर काढलं तर. मास्तरांचा एक फोन तिथून नदीत गेला होता. मास्तरांनीच दोन वर्षांपूर्वी गावच्या सह्या गोळा करून टॉवरसाठी अर्ज केला होता. अर्ज पोचला का हे विचारायला फोन करायचा, तर पुलावर जायला हवं, आणि पुलावर जायला फोन हवा, अशा चक्रात ते प्रकरण अडकलं होतं.

आणि इथे, गाडीवानाच्या गोठ्यामागे, पुरुषभर उंचीच्या शेणखताच्या ढिगावर, तीन काड्या!

उकिरडा इतका वाढला होता तोही गाडीवानाच्याच कृपेने. गेल्या वर्षी पेरणीआधी खत शेतात टाकायचं होतं. "उद्या टाकू" म्हणत त्याने आधी गिरणीवाल्याचा दगड आणून दिला, मग शाळेची बाकं, मग कुणाचं तरी लग्नाचं कपाट. आणि सगळ्यांचं आटपल्यावर स्वतःच्या खताची वेळ आली तेव्हा गाडीचा आस मोडला. शेत उपाशी राहिलं. बटाटे आले ते गोट्या खेळायला बरे. बायको हिवाळाभर वीटभट्टीवर विटा वाहत होती. डोक्यावर आठ आठ विटा. मानेवरची एक शीर तेव्हापासून जी ताठली ती अजून सकाळी वळायला नकार द्यायची, आणि हातांची कातडी सोलून निघाली होती ती आत्ता कुठे धरत होती.

"यंदा बेण्याला कोंब बोटभर झाले की लावणी," ती म्हणाली. "त्याआधी खत शेतात. नाही गेलं, तर भट्टीवर यंदा तुम्ही जायचं. मी नाही."

"जाईल गं खत. चार दिवस थांब. लोकांची सोय होतेय."

"लोकांची सोय गेल्या वर्षीच झाली."

बाजेच्या पलीकडे बसलेली म्हातारी, गाडीवानाची आई, इथे खुदकन हसली. म्हातारीला ऐकू येत नाही असं सगळ्या गावाचं मत होतं आणि म्हातारीने ते कधी खोडून काढलं नव्हतं.

*

दर गाडीवानाने दुसऱ्याच दिवशी ठरवला. पैसे घ्यायचे नाहीत. पैसे घेतले तर लोक हक्क सांगतात. एका फोनला एक टोपली. शेण, पालापाचोळा, राख, काहीही चालेल, पण टोपली भरून हवी. आणायची, चढायची, वरती ओतायची, मग बोलायचं. त्याचं म्हणणं सरळ होतं, जो वर चढेल त्याच्या पायाने ढीग दबतो, तर दबलेलं भरून द्या.

खरी गोष्ट अशी, की ढीग जितका उंच तितक्या काड्या जास्त, हे त्याने पहिल्या दिवशीच चपला काढून आणि घालून पडताळून पाहिलं होतं. चपलेसकट उभं राहिलं की तिसरी काडी जरा ठळक दिसायची.

मोजदाद म्हातारीकडे दिली. मागच्या दाराशी पाटावर बसून ती प्रत्येक घरासाठी एक वाटी मांडायची आणि टोपली वर गेली की त्या घराच्या वाटीत एक खडा टाकायची. हातात काठी. ढीग आणि दार यांच्यामध्ये तिचा पाट, त्यामुळे तिला ओलांडून कुणी जाऊ शकत नव्हतं.

गिरणीवाला पहिल्याच दिवशी आला. डोक्यावर टोपली, पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया, आणि चेहरा असा की जणू दुसऱ्या कुणाचं तरी काम करतोय.

"आहात का घरात?" तो म्हणाला.

गाडीवान घरातच होता, तरी त्याने विडी संपवली आणि मग बाहेर आला. "कोण, तुम्ही होय! थांबा हं, मास्तर वर आहेत. तुमचा नंबर..." त्याने बोटं मोजली, "शेवटून दुसरा."

मास्तर वर होते खरे. बूट काढून हातात घेतलेले, पँट पोटरीपर्यंत दुमडलेली, आणि तालुक्याच्या साहेबांशी इतक्या अदबीने बोलत होते की बोलता बोलता कमरेत वाकत होते. ढिगावर वाकणं सोपं नसतं. दर वाक्याला मास्तरांचा पाय घोट्यापर्यंत आत जायचा आणि 'होय सर' म्हणताना बाहेर निघायचा. खाली उतरल्यावर ते गाडीवानाला म्हणाले, "नमस्कार." स्पष्ट, तोंडाने.

गाडीवानाने मान हलवली. शेजारी माशीही होती.

पहिल्या आठवड्यातच उकिरड्याला कायदे आले. वर थुंकायचं नाही. सासरच्यांविरुद्ध बोलायचं तर हळू बोलायचं, कारण सासरचे खाली रांगेत असतात. रडायचं असेल तर दुपारी यायचं, तेव्हा गर्दी नसते. एका बाईने बहिणीला फोन लावला आणि दोघी नुसत्या रडल्या, एक शब्द नाही. खाली ताटकळलेला गिरणीवाला म्हणाला, "अहो ताई, रडणं पोचतंय ना तिकडे? मग आवरा आता."

आणि सगळे ओरडायचे. रेंज असो नसो, माणूस उंचावर चढला की त्याचा आवाज चढतोच. गिरणीवाल्याचा मुलगा परमुलखात जेवला का, काय जेवला आणि ते नीट पचलं का, हे निम्म्या गावाला रोज कळायचं. म्हातारीला तर सगळंच कळायचं. ती खडे टाकत राहायची आणि लोक तिच्यासमोर बिनधास्त बोलत राहायचे.

बायको या सगळ्यातून वाट काढत गोठ्यात जायची. तिच्या अंगणात आता सकाळपासून माणसं. केर काढला की त्यावर पाय, सडा घातला की त्यावर पाय. शिवाय लोकांना पाणी द्या, चहा द्या.

"ताजं शेण वर ओतून घेताय," तिने एकदा विचारलं. "ते कुजायला वर्ष जाईल. खालचं काळं खत मला हवंय, त्यावर तुम्ही गावाचा कचरा चढवताय. उपसणार कसं?"

"साहेब येऊन जाऊ दे. मग उपसू."

"कोण साहेब?"

गाडीवानाने मिशीवरून हात फिरवला. ही बातमी त्याने दोन दिवस तोंडात चघळली होती. "टॉवरचा साहेब. मास्तरांच्या अर्जाला उत्तर आलंय. माझ्याच उकिरड्यावर आलं. तिसऱ्या मंगळवारी येतोय पाहणीला."

*

टॉवर ज्याच्या जागेत बसतो त्याला राखणदाराची नोकरी मिळते, असं गिरणीवाल्याच्या मुलाने फोनवरून सांगितलं होतं आणि त्यामुळे ते सगळ्या गावाने ऐकलं होतं. राखणदाराला खुर्ची, टॉर्च आणि खाकी सदरा. काम काय, तर टॉवर पळून जात नाही ना हे बघायचं. गाडीवानाचे गुडघे वीस वर्षं पोती उचलून कुरकुरत होते. त्या खुर्चीचं स्वप्न त्याला दिवसाढवळ्या पडायला लागलं.

"तर साहेबाला दाखवायचं," रांगेतल्या लोकांना तो समजावू लागला, "की इथे रेंज आहे. चांगली ठणठणीत आहे. तीन काड्या दाखवून भागणार नाही, पाच पाहिजेत."

मास्तर वरून खाली येत होते ते मधेच थांबले. "अहो, पण टॉवर जिथे रेंज नाही तिथे बांधतात."

"मास्तर, विहीर कुठे खणतात?"

"विहिरीचं काय आलं यात?"

"सांगा ना, कुठे खणतात? जिथे जमिनीला ओल असते तिथे ना? की खडखडीत माळावर?"

रांगेत सगळे मान डोलवू लागले. या गावाने आजवर सात विहिरी खणल्या होत्या. पाचांना पाणी लागलं, ते ओल बघून खणल्या म्हणून. दोन कोरड्या गेल्या, त्या एका शिकलेल्या माणसाच्या सांगण्यावरून खणल्या होत्या.

"ओल दिसली की माणूस खाली खणतो," गिरणीवाला म्हणाला. "रेंज दिसली की वर बांधणार. सरळ आहे."

मास्तरांनी आठ जणांचे चेहरे पाहिले आणि बूट पायांत चढवले. घरी जाताना ते स्वतःशीच 'ओल... ओल...' असं काहीतरी पुटपुटत होते.

गाडीवानाने दर दुप्पट केला. एका फोनला दोन टोपल्या. सगळ्यांनी कुरकुर केली, पण आणल्या. गावातले गोठे इतके लख्ख कधी नव्हते. शेण कमी पडू लागलं तेव्हा लोक रस्त्यावर गाईमागे टोपली घेऊन चालू लागले. एका गाईमागे एकदा दोघे जण चालले आणि हातघाईवर आले.

आता गंमत अशी झाली, की ढीग उंच होईना.

गाडीवानाने चाबकाच्या काठीवर खुणा केल्या होत्या. रोज सकाळी तो काठी लावून बघायचा. सोमवारी सत्तर टोपल्या वर गेल्या, खडे मोजलेले. मंगळवारी काठी लावली तर उंची तेवढीच. बुधवारी साठ गेल्या आणि ढीग उलट चार बोटं खाली. गाडीवानाने काठी पुसली, पुन्हा लावली. मग स्वतःचे डोळे पुसले.

"लोक टोपली भरत नाहीत," तो आईच्या कानाशी ओरडला. "गिरणीवाला खाली गवत घालून वर शेणाचा थर देतो!"

म्हातारीने त्याच्याकडे बघून गोड हसून मान हलवली.

त्याने गिरणीवाल्याला रांगेत अडवलं आणि टोपली उपडी करून दाखव म्हणाला. गिरणीवाल्याने ती उपडी केली, गाडीवानाच्या पायांवर. काठोकाठ शेण होतं, अजून वाफाळणारं. त्यानंतर आठ दिवस गाडीवानाच्या घराचं दळण जाडंभरडं आलं.

"दबत असेल," बायको म्हणाली. ती हात धूत होती. अलीकडे ती फार वेळा हात धुवायची. "माणसं चढतात, उतरतात. दबणारच."

"इतकं?"

"मास्तर वाकून बोलतात ना. त्याने जास्त दबतं."

दुपारी गाडीवान गाडी घेऊन बाजाराच्या खेपेला जायचा. परत यायचा तेव्हा म्हातारी पाटावर पेंगत असायची आणि त्याची चाहूल लागली की तिची काठी हातातून निसटून दगडावर आपटायची. खण्ण. रोज. गाडीवान म्हणायचा, आईच्या हातातला जोर गेला.

बाजेखालच्या बेण्याला कोंब फुटले होते, पांढरे, टोकाशी जांभळे. बायको रोज एक बटाटा उचलून बोटाशी लावून बघायची. पहिलं पेर झालं, मग दुसरं. गाडीवानाला वाटलं आता भांडण होणार. पण ती काही बोलली नाही. तिचं हे न बोलणं त्याला इतकं सोयीचं वाटलं, की त्याने त्याचं कारण विचारलं नाही.

*

साहेबाचा मंगळवार उजाडला. गाडीवानाने शाळेतून मास्तरांची खुर्ची आणली, हातांची. गाडीची मागची फळी काढून ढिगाच्या माथ्यावर बसवली आणि त्यावर खुर्ची ठेवली. मग खाली उतरून तो बघत राहिला. खुर्ची साहेबासाठी होती, पण बसायच्या जागी त्याला स्वतःचाच खाकी सदरा दिसत होता.

"वर एका वेळी एकच माणूस जाऊ द्या," बायको म्हणाली.

"का गं?"

"सांगते म्हणून."

"साहेब काय एकटा बसेल वर? छत्री कोण धरणार?"

बायकोने सासूकडे पाहिलं. सासूने आकाशाकडे.

साहेब मोटारसायकलवरून आला. पंचविशीतला, पाठीला पिशवी, बुटांना पॉलिश. 'सिग्नल कुठून तपासता येईल' असं त्याने विचारायच्या आत पाच जणांनी त्याला उकिरड्याच्या पायथ्याशी आणून उभं केलं.

"इथे?" तो म्हणाला.

"इथेच सर. सावकाश चढा. डाव्या अंगाने कोरडं आहे."

साहेब चढला. मागून छत्री घेऊन गाडीवान चढला. गाडीवानाने एकट्याने साहेबाशी बोलू नये म्हणून गिरणीवालाही चढला. साहेब खुर्चीत टेकला, पिशवीतून एक यंत्र काढून मांडीवर ठेवलं, आणि एका हातात यंत्र असल्यामुळे दुसऱ्या हातातल्या फोनचा स्पीकर लावला. खाली सगळं गाव माना वर करून उभं. मास्तर सगळ्यात पुढे, इस्त्रीचा सदरा घालून.

"हॅलो सर, मी त्या डोंगराकडच्या गावातून बोलतोय. रेंज नाही म्हणून अर्ज होता ते."

"बोल बोल," फोनमधून जाड आवाज आला, अगदी शेजारी बसल्यासारखा. "आवाज मस्त येतोय."

गाडीवानाने खाली बघून भुवई उडवली. बघा म्हणावं.

"तर सर, अर्जदारांचं म्हणणं आहे की इथे सिग्नल नाही..."

"मग तू कुठून बोलतोयस?"

साहेब घुटमळला. "गावातूनच सर. एका... एका उंच जागेवरून."

"काड्या किती?"

"पाच, साहेब, पाच!" साहेबाच्या आधी गाडीवानच ओरडला. "भरपूर ओल आहे... आपलं, रेंज आहे! कधीही फोन करा!"

"हे कोण?"

"ग्रामस्थ सर."

"मग झालं तर. ग्रामस्थ स्वतः सांगतायत. 'सेवा उपलब्ध' लिहून टाक आणि पुढच्या गावाला जा. मी इकडे नोंद करतो. केली बघ."

खाली मास्तरांच्या तोंडून "अहो, नाही नाही!" असा एक चिरका आवाज निघाला. गाडीवान अजून हसतच होता. ऐकलेल्याचा अर्थ लागायला त्याला जरा वेळ गेला. मग ते हसू हळूहळू ओसरलं, आधी मिशीतून, मग गालांतून.

"उपलब्ध म्हणजे?" त्याने विचारलं. "टॉवर कधी बसणार?"

"टॉवर कशाला? आहे की रेंज," साहेब म्हणाला आणि उठायला म्हणून त्याने खुर्चीच्या हातांवर जोर दिला.

आधी फळी करकरली. मग ढिगाच्या पोटात काहीतरी मोडल्याचा आवाज आला. मग तिघेही उभेच्या उभे खाली जायला लागले, घाई न करता, मोठी माणसं पाण्यात उतरतात तसे. साहेब छातीपर्यंत गेला. गिरणीवाला कमरेपर्यंत. गाडीवान काखेपर्यंत जाऊन थांबला, आणि त्याच्या हातातली छत्री तेवढी उघडीच, सरळ, साहेबाच्या डोक्यावर होती.



"मी सांगितलं होतं, एका वेळी एकच," बायको म्हणाली.

*

तिघांना ओढून काढायला गाडीचे दोर लागले. साहेब बाहेर आला तो एका बुटाने आणि बिनफोनचा.

"माझा फोन! आत राहिला! त्यात सगळं आहे माझं!"

"घाबरू नका," गिरणीवाला डोळ्यांतलं शेण निपटत म्हणाला. "त्यावर फोन लावा. आत वाजेल, आवाजाच्या दिशेने खणू."

"हो, लावा, लावा!" सगळे म्हणाले आणि चार-पाच जणांनी आपापले फोन काढले. मग एकेकाने फोनकडे पाहिलं, मग आभाळाकडे, मग गावात जी एक जागा रेंजची होती, ती जिथे होती तिथे पाहिलं. तिथे आता खड्डा होता.

"पुलावर जाऊन लावू का?" कुणीतरी विचारलं.

"पुलावरून लावाल, पण इथे रेंज कुठाय वाजायला?" मास्तर म्हणाले. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं बोलणं सगळ्यांना एकदम पटलं.

तेव्हा खणायचं ठरलं. ज्याचा उकिरडा त्याने खणायचं, असं गाव एकमुखाने म्हणालं. गाडीवानाने दाताळं घेतलं. साहेब नाकाला रुमाल लावून समोर उभा आणि प्रत्येक टोपली त्याच्यापुढे पसरून दाखवायची. तासाभराने गाडीवानाचं दाताळं गोठ्याच्या भिंतीला लागलं.

भिंतीत जमिनीलगत, शेण बाहेर ढकलायला ठेवलेलं एक चौकोनी भोक होतं. ते होतं हे त्याला माहीत होतं, त्यानेच ठेवलं होतं. पण भोकातून पुढे ढिगाच्या पोटात एक घळ गेली होती, माणूस वाकून जाईल एवढी. छताला गोठ्याच्या जुन्या दाराचा टेकू होता आणि तो टेकू मधोमध मोडला होता. घळीत एकचाकी ढकलगाडी उभी होती. त्या भोकातून पलीकडे त्याला त्याची गाय दिसली. गाय त्याच्याकडे बघत रवंथ करत होती.

दाताळं त्याने भिंतीला टेकवलं. मग तो गोठ्याला वळसा घालून शेताकडे गेला.

शेत काळंभोर होतं. सऱ्या पाडलेल्या, आणि प्रत्येक सरीत जुनं, कुजलेलं, भुगा झालेलं खत एकसारखं पसरलेलं. त्याने मूठभर उचललं. त्याला शेणाचा नाही, मातीचा वास येत होता. शेताच्या एका कोपऱ्यातल्या चार सऱ्या तेवढ्या रिकाम्या होत्या.

बायको मागून आली होती. मानेची शीर दुखत असावी, कारण ती सबंध अंग वळवून बोलत होती.

"दुपारी," ती म्हणाली. "तुम्ही खेपेला गेल्यावर. रडणाऱ्या बायका असायच्या वर. त्यांना खालचं काय कळणार? पंधरा दिवस लागले."

"आणि आई?"

"काठी टाकायच्या."

गाडीवानाने चार रिकाम्या सऱ्यांकडे बोट दाखवलं. "हे का राहिलं?"

"आजची दुपार हवी होती," ती म्हणाली. "आता तुम्ही काढलंच आहे बाहेर. ताजं बाजूला करा, काळं गाडीत भरा."

गाडीवानाने आपल्या तळव्यांकडे पाहिलं. दाताळ्याने दोन फोड आले होते. त्याने ते तिला दाखवावेत की नाही, असा क्षणभर विचार केला, तिचे हात पाहिले, आणि तळवे मिटून घेतले.

फोन सापडला नाही. साहेब संध्याकाळी गाडीवानाची रबरी चप्पल एका पायात घालून गेला. जाताना मास्तर मोटारसायकलीशेजारून धावत त्याला सांगत होते, "तेवढं 'अनुपलब्ध' करा हो!" साहेब म्हणाला, नोंद झाली ती झाली, बदलायची तर नवा अर्ज करा. आणि अर्ज मिळाला का ते फोन करून विचारा.

*

बटाटे काढले तेव्हा एकेक मुठीएवढा निघाला. बायको त्या हिवाळ्यात भट्टीवर गेली नाही. गाडीवानही गेला नाही, पण ते थोडक्यात हुकलं हे त्याला माहीत होतं, कारण ती रोज सांगायची.

कोपऱ्यातल्या त्या चार सऱ्यांतल्या तिसरीत गाडीवानाच्या कुदळीला काहीतरी टणक लागलं. त्याने ते बटाटा म्हणून टोपलीत टाकलं आणि ते बटाट्यासारखं पडलं नाही. साहेबाचा फोन. काचेवर तडा, आत माती, आणि एका कडेने आत शिरलेलं पांढरं मूळ.

संध्याकाळी म्हातारीने वाट्या पुढे घेतल्या. मागे गोठ्याशेजारी नवा ढीग गुडघ्यापर्यंत आला होता. कुणी सांगितलं नव्हतं, दर ठरवला नव्हता. टॉवर तर येणार नव्हता, तेव्हा सकाळ झाली की लोक आपणहून टोपली आणून ओतायचे, वर उभे राहायचे, फोन डोक्यावर धरायचे आणि मान हलवत घरी जायचे. मास्तर म्हणाले होते, या वेगाने पुढच्या उन्हाळ्यात पहिली काडी.

म्हातारीने एकेक वाटी रिकामी केली. गिरणीवाला, एकशेचार टोपल्या, आणि मुलाचं पोट बरं आहे. मास्तर, एक्क्याऐंशी टोपल्या आणि एक खुर्ची. रडणाऱ्या ताई, एकोणीस. सगळ्या गावाचा मिळून एक टॉवर, बुडालेला. साहेबाच्या वाटीत एकच खडा होता, तोही उधारीचा, कारण साहेब टोपली न आणताच बोलला होता. म्हातारीने मातीने भरलेला फोन हातात घेऊन वजन केलं, तो मागे ढिगावर भिरकावला आणि साहेबाचा खडा काढून टाकला.

"पोचली त्याची," ती म्हणाली.

एक वाटी उरली. ती सगळ्यांत मोठी होती आणि खड्यांनी शिगोशीग भरली होती.

"ही कुणाची?" गाडीवानाने विचारलं. हळूच विचारलं, आई बहिरी आहे हे विसरून.

"दिवसातून दहा दहा वेळा वर चढून काड्या बघायचास," म्हातारी म्हणाली. "एकदाही टोपली आणली नाहीस. दोनशे अठ्ठ्याहत्तर."

गाडीवानाने बायकोकडे पाहिलं. बायको गोठ्याच्या दारात उभी होती. तिच्या हातातली टोपली रिकामी होती, आणि ती तिने त्याच्यापुढे धरली होती.